फिल्टरचा डबा जागेवर राहू द्या

जुनी यामाहा आरएक्स 100 हाती आली की आपल्याकडचे तरुण आधी तिच्या फिल्टरच्या डब्यावर हात टाकतात. बाजूचे पॅनेल उघडायचे, सीटखालचा काळा डबा ओढून काढायचा आणि कार्बोरेटरच्या तोंडाला शंकूच्या आकाराचा पॉड फिल्टर क्लिपने आवळायचा. अर्ध्या तासाचे काम. गाडीचा आवाज घोगरा होतो, चौकात माना वळतात आणि पिकअप वाढल्याची मालकाची खात्री पटते. ही खात्री बहुतेक वेळा आवाजानेच दिलेली असते, आणि जळगाव जामोदच्या धुळीत ती फार महागात पडते.

एस्कॉर्ट्सने 1985 साली आणलेली ही गाडी 1996 मध्ये बंद झाली. 98 सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, 11 हॉर्सपॉवर. एवढ्या लहान इंजिनातून एवढी ताकद निघते, त्यात त्या डब्याचा वाटा आहे. सहा हजार आरपीएमला हे इंजिन सेकंदाला शंभर वेळा हवा ओढते. त्या शंभर झटक्यांना पुरेल अशी शांत हवा डबा धरून ठेवतो. डब्याचे पोट, त्याच्या तोंडाची रुंदी, रबरी नळीची लांबी हे सारे मोजून ठरवलेले असते आणि कार्बोरेटरचा मेन जेट त्याच हिशेबाने बसवलेला असतो. डबा काढला की हवा वाढते, पेट्रोल मात्र तेवढेच राहते. मिश्रण पातळ होते, प्लग पांढरा पडतो, हवेवरच थंड होणारे इंजिन तापते आणि लांबच्या पल्ल्यात एखाद्या दिवशी पिस्टन पकडतो. राजदूत किंवा येझदी असेल तर धोका आणखी मोठा. त्यांत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. इंजिनात पेट्रोल कमी गेले की ऑईलही कमी जाते.

त्यात आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणते, त्यामुळे जुन्या पेट्रोलच्या मापाने बसवलेला कार्बोरेटर मुळातच थोडा पातळ चालतो. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या कार्बोरेटरला ते कळण्याची सोय नाही. अशा गाडीचा डबाही काढणे म्हणजे पातळावर आणखी पातळ.

जेट बदलता येतो, हे खरे. पण मेन जेटचा नंबर वाढवून भागत नाही. निडलची क्लिप, पायलट जेट, प्रत्येक बदलानंतर पुन्हा प्लगचा रंग पाहणे, हे सगळे करावे लागते. बारकाईने ट्युनिंग करणारा कारागीर हे जमवेलही. पण हातात मोजकेच जेट असलेल्या गॅरेजात ते अंदाजाने होते. मग वर वेगात गाडी बरी वाटते आणि खाली मान टाकते. मागे माणूस आणि मध्ये पिशवी घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये ओढणाऱ्याला नेमकी खालचीच ओढ लागते.

तरीही इथला खरा शत्रू धूळ आहे. सातपुड्याच्या पायथ्याची काळी माती सुकली की पिठासारखी उडते. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की भुसा हवेत तरंगतो, पुढे कापसाच्या गाड्या रस्त्यावर आल्या की त्यांच्याबरोबर तंतू उडतात. डब्याचे तोंड आडोशाला असते. पॉड मागच्या चाकासमोर उघडा पडतो आणि पावसाळ्यात तेच चाक त्याच्यावर चिखलपाणी मारते. काही शे रुपयांत मिळणारा पॉड उजेडाकडे धरून पाहा, पुष्कळदा जाळीतून आरपार दिसते. जिथून उजेड जातो तिथून धूळही जाते.

टू-स्ट्रोकमध्ये ही धूळ कुठून जाते, तेही लक्षात घ्यायला हवे. फोर-स्ट्रोकमध्ये कार्बोरेटरकडून येणारी हवा पिस्टनच्या वर जाते. टू-स्ट्रोकमध्ये ती आधी खाली, क्रँकच्या कप्प्यात शिरते. बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला घासून मगच ती वर चढते. म्हणजे बोअर-पिस्टन खराब होण्याआधी किंवा त्याच्याबरोबरच क्रँक जातो. बोअर करून मोठा पिस्टन टाकता येतो. पण क्रँकसाठी पूर्ण इंजिन उघडावे लागते, आणि बंद पडून तीस वर्षे होत आलेल्या गाडीचा अस्सल क्रँक शोधणे ही वेगळीच वणवण.

काहींची अडचण खरी आहे. डब्याला तडा गेलेला असतो, रबरी नळी वाळून ताठ झालेली असते, अस्सल भाग मिळत नाही. अशांना दोष देता येणार नाही. पण पुष्कळांचा डबा धडधाकट असतो आणि तो केवळ फ्रेमचा मधला त्रिकोण रिकामा दिसावा म्हणून जातो. त्यांनी आधी एवढे करून पाहावे: नळी गरम पाण्यात धरून मऊ करावी, दुमडून भेगा पाहाव्यात, आतला फोम साबणाच्या पाण्यात धुऊन नीट वाळवावा, ऑईलमध्ये बुडवून पिळावा आणि परत बसवावा. मंदावलेली गाडी कित्येकदा एवढ्यानेच मोकळी होते. फोम झडून गेला असेल तर नवा टाकावा. त्याचा खर्च पॉडपेक्षा जास्त नाही.

आणि ज्यांनी डबा आधीच काढला आहे त्यांना विनंती, तो भंगारात घालू नका. धुऊन, नळीसकट पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा. तुम्हाला नको असेल तर तालुक्यातल्या ज्या कोणाची आरएक्स डब्यावाचून धूळ खात उभी आहे, त्याला देऊन टाका.