“तुम्हाला कशाला हवीय माहिती?”

पाणीपट्टी अख्ख्या वर्षाची, नळाला पाणी मात्र चार दिवसांआड. मग वर्षात पाणी नेमकं किती दिवस सोडलं, एवढंच आपल्या गावातल्या एका निवृत्त काकांनी नगरपरिषदेला माहिती अधिकारात विचारलं. रीतसर अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. टेबलावरून उत्तर आलं, “तुम्हाला कशाला हवीय?”

साहेब, २००५ च्या कायद्याचं कलम ६(२) वाचा. अर्जदाराला कारण विचारायचा अधिकारच तुम्हाला नाही. ३० दिवसांत माहिती द्यायची. टाळाटाळ केली तर माहिती आयोग दिवसाला २५० रुपये दंड लावू शकतो, तोही माहिती अधिकाऱ्यावर, नगरपरिषदेच्या तिजोरीवर नव्हे.

आता चहाच्या टपरीवर कुजबुज सुरू झालीय, “याला काहीतरी पाहिजे असणार.” हो, पाहिजेच आहे. पाणी पाहिजे! मधली काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचं राज्य होतं. तेव्हा कोणी विचारलं? आता निवडून आलेले तरी कुठे विचारतायत?

मंडळी, काकांना एकटं पाडू नका. पाणी येईल त्या तारखेला घरच्या कॅलेंडरवर खूण करा. महिनाअखेर पाणीपट्टीच्या पावतीसोबत त्याचा फोटो मला पाठवा. प्रभागवार छापतो.