स्वयंसेवी संस्थांचा हिशेब : दिल्लीला मिळतो, गावाला कधी?

देशातील स्वयंसेवी संस्थांविषयी केंद्रीय अन्वेषण विभागाने 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे जी आकडेवारी ठेवली, ती या क्षेत्राला मान खाली घालायला लावणारी होती. राज्याराज्यांत नोंदल्या गेलेल्या सुमारे 30 लाख संस्थांपैकी जेमतेम 10 टक्के संस्थांनीच आपले ताळेबंद निबंधकांकडे सादर केले होते. त्यानंतर सुधारणेची चर्चा सुरू झाली आणि ती हिशेबाभोवतीच फिरत राहिली. हिशेब हवा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र तो कोणाला द्यायचा, हा प्रश्न या साऱ्या चर्चेत कोणी विचारलाच नाही.

परदेशी देणग्यांसंबंधीचा ‘एफसीआरए’ कायदा 2020 मध्ये कडक करण्यात आला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली, परदेशी देणगी प्रथम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच स्वीकारण्याचे बंधन आले आणि एका संस्थेने ती रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास पूर्ण मनाई झाली. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्त्या मूलतः वैध ठरवल्या. तिसऱ्या तरतुदीचा फटका कोणाला बसला, हे पाहण्यासारखे आहे. तालुक्याच्या गावी चार कार्यकर्त्यांच्या बळावर चालणारी संस्था परदेशी देणगीदारापर्यंत स्वतः पोहोचत नाही. महानगरातील मोठ्या संस्थेमार्फतच तिला निधी मिळे. तो मार्ग बंद झाला. पुढे 2023 च्या वित्त कायद्याने एका धर्मादाय संस्थेने दुसरीला दिलेल्या देणगीपैकी 85 टक्केच रक्कम करसवलतीसाठी ग्राह्य धरली. दोन्ही निर्णयांमागील हेतू गैरवापर रोखण्याचा असेलही. परिणाम मात्र मोठ्या संस्था टिकण्याचा आणि लहान संस्था सुकण्याचा आहे.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीचेही असेच. 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 135 ने ठरावीक आकारापुढील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणे भाग पाडले. त्याच कलमात कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य देण्यास सांगितले आहे. वाचताना हे रास्त वाटते. पण ज्या जिल्ह्यात कारखानाच नाही, त्याने कोणाच्या प्राधान्याची वाट पाहायची? शिवाय हा निधी वर्षाच्या मुदतीत आणि मोजता येतील अशा आकड्यांत काम मागतो. शौचालये मोजता येतात. गावातील स्त्रिया ग्रामसभेत बोलू लागल्या, हे कोणत्या रकान्यात भरायचे?

महाराष्ट्रात तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा 1950 पासूनचा स्वतंत्र कायदा आणि धर्मादाय आयुक्तांची यंत्रणा आहे. परंतु या कायद्याची नजर प्रामुख्याने मालमत्तेवर आहे. जमीन विकायची तर आयुक्तांची परवानगी हवी, विश्वस्त बदलला तर 90 दिवसांत बदल अर्ज हवा, आणि तो अर्ज मग वर्षानुवर्षे पडून राहिला तरी चालतो! संस्थेच्या सेवेने कोणाचे भले झाले, हे विचारण्याची सोय त्यात नावापुरतीच आहे.

याची सर्वांत बोचरी साक्ष धर्मादाय रुग्णालये देतात. या कायद्याच्या कलम 41 एए नुसार आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने 2006 पासून लागू झालेल्या योजनेनुसार, अशा रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या आहेत. त्यासाठी एकूण बिलांच्या 2 टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करायची आहे. निर्धन रुग्णाकडून अनामत मागू नये, हेही त्यात आहे. तरीही एप्रिल 2025 मध्ये पुण्यातील एका धर्मादाय रुग्णालयाने मोठी अनामत मागितल्याचा आरोप गर्भवतीच्या मृत्यूनंतर झाला, चौकश्या बसल्या, आणि अनामतीविषयीच्या सूचना नव्याने काढाव्या लागल्या. खाटांचे विवरणपत्र आयुक्तांकडे जाते. दारात उभ्या असलेल्या नातेवाइकाला मात्र त्या दिवशी किती खाटा रिकाम्या आहेत, हे सांगणारे कोणी नसते.

वेगळ्या वाटेने जाणाऱ्या संस्था याच राज्यात आहेत. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केले, तेव्हा दुष्काळी गावांनी औषधाआधी पाणी आणि धान्य मागितले. त्यांनी तिथूनच सुरुवात केली आणि पुढे गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने आदिवासींना दवाखान्याची भीती का वाटते हे त्यांनाच विचारले आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे झोपड्यांच्या रचनेचे रुग्णालय उभारून त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले. याच संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रियांमार्फत घरोघरी केलेल्या नवजात बालसेवेने 39 गावांतील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. हे निव्वळ भाबड्या लोकसंवादाचे यश नाही. त्यामागे शिस्तबद्ध संशोधन होते. पण प्रश्न लोकांनी ठरवला होता.

थोर व्यक्तींच्या सद्बुद्धीवर अवलंबून न राहता ही पद्धत नियमात आणता येईल का? अनुभव हाताशी आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनवायांत सरकारी कामांची हजेरीपत्रके मोठ्याने वाचून दाखवली. त्या आंदोलनाची परिणती 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात झाली. सरकारी अनुदानावर मोठ्या प्रमाणात चालणाऱ्या संस्थांनाही हा कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये सांगितले. कंपन्यांच्या देणगीवर चालणाऱ्या संस्था मात्र सहसा या कक्षेबाहेर राहतात. ज्या संस्थांनी सरकारकडे जनसुनवाईचा आग्रह धरला, त्यांतील किती जणींनी ती स्वतःच्या अंगणात घेतली, हा अवघड जागचा प्रश्न आहे.

अनुसूचित क्षेत्रांत तर 1996 चा पेसा कायदा सामाजिक क्षेत्रातील संस्थांवर आणि कर्मचाऱ्यांवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभा व पंचायतींच्या हाती देतो. महाराष्ट्राने 2014 मध्ये त्याचे नियमही केले. येथे एक आक्षेप गंभीर आहे. ग्रामसभेत अनेकदा बलवानांचाच आवाज चालतो. दारूविरुद्ध उभ्या राहिलेल्या स्त्रियांची किंवा दलित वस्तीत काम करणारी संस्था गावाच्या मर्जीवर सोडली, तर ती महिनाभरही टिकणार नाही. म्हणून सुनावणी हवी ती सेवा घेणाऱ्यांची. काम रोखण्याचा अधिकार गावाला देण्याची गरज नाही. ‘लाभार्थी’ हा सरकारी शब्दच माणसाला हात पसरून उभा करतो. तो बाजूला ठेवला, तर संस्थेच्या वार्षिक सभेत त्याच्यासाठी खुर्ची मांडणे फारसे कठीण जाऊ नये.

आयुक्तालयाला यासाठी नवा कायदा लागत नाही. वार्षिक लेखापरीक्षणासोबत एक पानी मराठी विवरण मागवावे : पैसा कोठून आला, कोणत्या गावात व वस्तीत खर्च झाला, लोकांची तक्रार काय होती आणि तिचे काय केले. लहान संस्थांचे कागदी ओझे त्या प्रमाणात कमी करावे. ते पान संस्थेच्या दारावर लावणे बंधनकारक करावे. रुग्णालयांच्या बाबतीत सुरुवात रिकाम्या राखीव खाटांच्या रोजच्या फलकाने व्हावी, आणि तो फलक नोंदणी खिडकीपाशी, रुग्णाच्या नातेवाइकाला वाचता येईल अशा उंचीवर असावा.