घन कापून दाखवा

"घनाला पृष्ठे किती, कडा किती, शिरोबिंदू किती?" असे विचारले की आमचा अख्खा वर्ग एका सुरात ओरडतो, "सहा, बारा, आठ!" याला परीक्षेत पूर्ण गुण मिळतात. पण तोच घन तिरपा कापला तर आत कोणती आकृती दिसेल, असे विचारले की वर्ग चिडीचूप. कारण आम्ही घन पाहिलेला असतो तो पुस्तकात, म्हणजे सपाट कागदावर. कागदावरच्या घनाची मागची तीन पृष्ठे दिसत नाहीत, आणि आत तर काहीच नसते. म्हणून माझे मत असे आहे की घनाकृती पाठ करून घेऊ नयेत, कापून शिकवाव्यात.

कापल्यावर जी सपाट आकृती दिसते तिला छेद म्हणतात. (अपूर्णांकाचा छेद वेगळा, तो इथे नको.) माय पावशीवर भाजी चिरते तेव्हा रोजच छेद पडतात, आपले लक्ष नसते एवढेच. भेंडी आडवी चिरली की बहुधा पाच कोनांची चकती पडते. काकडी आडवी चिरली तर गोल काप, तिरपी चिरली तर लंबगोल, उभी चिरली तर लांबट पट्टी. वस्तू एकच, छेद तीन! चेंडूसारखे गोल टरबूज मात्र कुठूनही सरळ कापा, वर्तुळच मिळते. बरोबर मधून कापले तर सर्वांत मोठे.

आता घनाकडे येऊ. तळ्याकाठची चिकट माती आणावी, तिचा घन करावा आणि दोन्ही हातांत दोरा ताणून धरून तो कापावा. सुरी लागत नाही. एक कोपरा उडवला की त्रिकोण मिळतो. सरळ खाली कापले की चौरस. थोडे तिरपे केले की आयत. दोरा सहा कडांच्या मध्यबिंदूंतून गेला तर चक्क सहा सारख्या बाजूंचा षट्कोन मिळतो. हा षट्कोन पहिल्यांदा पाहिला तेव्हा आमच्यापैकी दोघांनी तो घन पुन्हा जोडून पाहिला, खोटे वाटले म्हणून. सात बाजूंची आकृती मिळेल का? नाही. घनाला पृष्ठे सहाच आणि एका पृष्ठावर दोऱ्याची एकच रेघ उठते. मग सातवी बाजू येणार कुठून? हे कोणी पाठ करायला लावले नाही, तरी आता विसरणार नाही. अजून एक गंमत. त्रिकोण कितीही प्रकारे काढा, त्यात काटकोन कधी सापडत नाही. तिन्ही कोन लघुकोनच. करून पाहा.

कुणी म्हणेल, हा मातीचा खेळ झाला. तर आता लोखंडाचे सांगते. आपले वरठी म्हणजे भंडारा रोड स्टेशनचे गाव, आणि पोलादाचा कारखानाही गावातच. सळई लांबीने कुठेही आडवी कापली तरी छेद तोच राहतो, म्हणून सळईचे वजन काढणे सोपे. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग करावा आणि १६२ ने भागावे. एक मीटर सळईचे वजन किलोत मिळते. ८ मिलिमीटरची सळई : ६४ भागिले १६२, म्हणजे सुमारे ४०० ग्रॅम. १६ मिलिमीटरची : २५६ भागिले १६२, म्हणजे सुमारे १ किलो ५८० ग्रॅम. जाडी दुप्पट, पण वजन चौपट!

मी वर्गात विचारले, "खांबात १६ ची एक सळई घालायची होती, ती नाही मिळाली, तर ८ च्या किती घालाल?" बहुतेकांनी सांगितले, दोन. घरी पाहुण्यांना विचारले, त्यांनीही दोनच सांगितले. दोन घातल्या तर खांबात निम्मेच लोखंड पडले! चार पाहिजेत. आठला दोनाने गुणले की सोळा होतात, पण भार पेलतो तो छेद, नुसती जाडी नाही. पालकहो, घर बांधताना ही चूक झाली तर ती आत झाकली जाते, वरून प्लास्टर छान दिसते.

रेल्वेचा रूळही छेदानेच समजतो. बाजूने पाहिले तर नुसता लांब पट्टा. आजोबा सांगतात, त्यांच्या शाळेत घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला असे. त्याच्या तोंडाशी पाहिले की वर जाड डोके, मध्ये बारीक कंबर आणि खाली रुंद पाय दिसे. वाकताना ताण वर आणि खाली जास्त पडतो, म्हणून लोखंड तिथे जास्त. ६० किलोचा रूळ म्हणतात तो एका मीटरला सुमारे ६० किलो भरतो. (तुम्ही रुळावर पाहायला जाऊ नका, चित्र काढून खाली लावले आहे.)

गुरुजींनी सांगितले की हे काही नवीन नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये लिहिलेल्या 'लीलावती'त करवतीचे वेगळे गणित आहे, त्याला क्रकचव्यवहार म्हणतात. क्रकच म्हणजे करवत. लाकूड मुळाशी २० अंगुळे जाड, शेंड्याला १६, लांबी १०० अंगुळे; ते चार ठिकाणी उभे चिरले तर एकूण किती चिरले? सरासरी जाडी १८, गुणिले १००, गुणिले ४, म्हणजे ७२०० चौरस अंगुळे. एका चौरस हातात ५७६ असतात, म्हणून साडेबारा चौरस हात. मजुरी मात्र कारागिराशी ठरवून आणि लाकूड मऊ की कठीण हे पाहून, असेही तिथे लिहिले आहे. मला हे फार आवडले. गणित करणाऱ्याला करवत ओढणारा दिसत होता. धानाच्या राशीचे गणितही त्यातच आहे, पण ते पुढच्या अंकात, खळ्यावर दोरी घेऊन जाऊन आल्यावर.

माझ्या मताला विरोध आहे, तोही सांगते. एक काका म्हणाले, "अभ्यास हाय का खेळ हाय हा? पेपरात माती कापाले सांगतील का?" नाही सांगणार. पण पेपरात आकृती फिरवून दिली की पाठ केलेले "सहा, बारा, आठ" कामी येत नाही, हे ज्यांनी शिष्यवृत्तीचे पेपर सोडवले त्यांना विचारा. दुसरे म्हणणे असे की वेळ जातो. जातो खरा. आमच्या दोन तासिका गेल्या आणि फळ्याखाली चिखल झाला, तो आम्हीच पुसला. तिसरे म्हणणे मायचे : बटाटे फुकट जातील. तर बटाटे आधी धुवायचे, आम्ही कापून मोजायचे आणि लगेच खिचडीसाठी द्यायचे. खिचडीत षट्कोनी बटाटा सापडला तर कोणी तक्रार करू नये.