माइक तिनेच का बंद करायचा?



आंतरजालावर अनेकांनी मिळून खेळायच्या व्हिडिओ गेमविषयी संपादकीय कशाला, असं काहीजणींना वाटेल. पण मोबाइलवर हे खेळ आता आपल्या वस्त्यांमधल्या मुलीही खेळतात. किशोरींच्या गटात मी पुन्हा पुन्हा ऐकते, ‘ताई, खेळते, पण बोलत नाही.’ आवाजावरून मुलगी आहे हे कळलं, की शेरेबाजी सुरू होते.

हा एखादीचा हळवेपणा नाही. अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘हेलो ३’ या खेळात आधी ध्वनिमुद्रित केलेली तीच वाक्यं कधी पुरुषाच्या, तर कधी बाईच्या आवाजात ऐकवली. बाईच्या आवाजाला तिप्पट वाईट बोल ऐकावे लागले, असं २०१३ साली छापलेला त्यांचा अभ्यास सांगतो.

मग जबाबदारी कुणाची? लग्नात मांडव एकाचा, जेवण दुसऱ्याचं, तसंच इथेही असतं. खेळ एक कंपनी बनवते. खेळाडूंची गाठ घालणं, त्यांचा आवाज एकमेकांपर्यंत पोचवणं ही कामं पुष्कळदा दुसऱ्या कंपनीची तयार यंत्रणा करते. तिला मिडलवेअर म्हणतात. ‘व्हिवॉक्स’ ही अशीच आवाज पोचवणारी सेवा. ‘फोर्टनाइट’सारख्या खेळात ती वापरली गेली, २०१९ मध्ये युनिटी कंपनीने ती विकत घेतली. अशा एका सेवेत केलेली सुधारणा अनेक खेळांतल्या मुलींपर्यंत पोचू शकते.

आज मात्र मुलीला सांगितलं जातं, त्याला म्यूट कर, नाहीतर स्वतःचा माइक बंद ठेव. ‘त्या गल्लीतून जाऊच नकोस’ म्हणण्यासारखंच हे! सोबत्यांशी बोलूनच जिथे डाव आखायचा, तिथे गप्प राहणारी मागेच पडणार.

स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने शब्द उच्चारणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ प्रमाणे गुन्हा आहे. पण बोललेलं हवेत विरतं. पुरावा आणायचा कुठून? म्हणून सगळ्यांचं सगळं बोलणं साठवून ठेवा, असं मी म्हणणार नाही. मुलींवर आधीच पुष्कळ पहारे आहेत. एक्सबॉक्सने २०२३ मध्ये ६० सेकंदांपर्यंतचा तुकडा तक्रारीला जोडण्याची सोय आणली. तक्रार करणारीनेच तो तुकडा टिपायचा. मात्र सुरुवात झाली ती इंग्रजी बोलणाऱ्या देशांपासून.

आपली मागणी साधी आहे. अशी सोय आवाज पोचवणाऱ्या यंत्रणेतच असावी. मराठीतली शिवी मराठी कळणाऱ्या माणसाने ऐकावी. तक्रारीचं पुढे काय झालं, हे मुलीला कळावं. आणि खेळ बनवणाऱ्या कंपनीने दुसऱ्या कंपनीकडे बोट दाखवू नये.

आपापल्या गटातल्या मुलींशी याविषयी जरूर बोला. कुणी तक्रार केली असेल, तर काय उत्तर आलं ते लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यावर चर्चा करू.