लिटरभर तेल आणि 910 ग्रॅम

गेल्या महिन्यात आठवीच्या मुलींना आम्ही घरी करून पाहायला ‘लाव्हा लॅम्प’ सांगितला. दुसऱ्याच दिवशी एका मुलीची अम्मी शाळेच्या फाटकात उभी. सलाम झाला, खुशाली विचारून झाली आणि मग मूळ मुद्दा निघाला. “टीचर, पोरीने अर्धा लिटर तेल बाटलीत ओतलं आणि त्यात रंग टाकला. तेलाचा भाव तुम्हालाही ठाऊक आहे. हा इसराफ नाही तर काय?”

चूक आमचीच होती. तेल किती घ्यायचे हे आम्ही सांगितलेच नव्हते. वर्गात मोठी बाटली शोभून दिसते, पण घरी चहाचा काचेचा ग्लास पुरतो. म्हणून आता नीट सांगतो.

ग्लासात पाव भाग पाणी घ्या, त्यात खाण्याचा रंग दोन थेंब. वरून हळूहळू तेल ओता, वर बोटभर जागा सोडा. तेल पाण्यावर तरंगेल आणि रंग पाण्यातच राहील. आता पाव चमचा इनो टाका. पावडर तेलातून जाताना काहीच घडत नाही. खाली पाण्याला टेकली की फसफसायला लागते. तयार होणारा कार्बन डायऑक्साइड रंगीत पाण्याच्या थेंबांना धरून वर नेतो. वर पोहोचताच वायू हवेत निघून जातो आणि एकटा पडलेला थेंब परत खाली बसतो. मगरिबनंतर दिवा मालवून ग्लासाखाली मोबाइलची बॅटरी लावा, लहान मुले जागची हलणार नाहीत. फसफस थांबली की पुन्हा चिमूटभर इनो. तेच तेल आठवडाभर चालते. मात्र बाटलीत केले तर फसफसताना झाकण लावू नका, आतला दाब वाढतो. आणि ते तेल पुन्हा कढईत नको.

खरा लाव्हा लॅम्प निराळा. एडवर्ड क्रेव्हन वॉकर यांनी तो 1963 साली इंग्लंडमध्ये बाजारात आणला. त्यात मेण असते. खालच्या बल्बने ते तापून फुगते, हलके होते, वर जाते. थंड होऊन खाली येते. तिथे काम उष्णतेचे, आपल्याकडे वायूचे. नाव एक असले म्हणून आपला तेलाचा ग्लास कोणी गरम बल्बवर किंवा गॅसवर ठेवू नये.

पण त्या मुलीचा प्रश्न वेगळाच होता. “टीचर, तेल पाण्यापेक्षा घट्ट, मग ते वर कसं?” आम्ही ठरलेले उत्तर दिले होते: तेलाची घनता कमी. तिचे समाधान झाले नव्हते, आणि का होईल? मराठीत ‘घनता’ म्हटले की घट्टपणाच आठवतो. उर्दूत ‘कसाफत’ म्हणावे तर मुलांना आधी मळ आठवतो. घट्ट म्हणजे संथ वाहणारे, जड म्हणजे तेवढ्याच मापात जास्त वजनाचे. मध घट्टही आहे आणि जडही, म्हणून पाण्यात तळाशी जातो. तेल घट्ट असूनही हलके.

हे काम आपल्या बुजुर्गांनी फार बारकाईने केले होते. अल्-बिरूनी यांनी धातू आणि रत्ने पाण्यात बुडवून, बाहेर पडलेले पाणी तोलून त्यांची तुलना केली. अल्-खाझिनी यांनी 1121 साली ‘मीझान अल्-हिकमा’ हा ग्रंथ लिहिला, तो मुख्यतः तराजूवरच. आम्ही मुलींना त्यांची नावे सांगतो, पण नुसत्या नावांनी अभिमान होतो, वजन कळत नाही. ते तोलूनच कळते.

फाटकात उभे राहून आम्ही हेच सांगत होतो. लिटरभर पाणी हजार ग्रॅम भरते, तेल तेवढे भरत नाही. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. मध्येच थांबून म्हणाल्या, “म्हणजे पिशवीवर एक लिटर आणि खाली 910 ग्रॅम लिहितात ते यासाठी? मी तर दुकानदाराला बोलले होते, लिटर सांगून नव्वद ग्रॅम कमी देतोस म्हणून!”

इतकी वर्षे आम्ही घनता शिकवतो. तेलाची पिशवी वर्गात न्यायचे आम्हाला सुचले नव्हते. दुसऱ्या दिवशी रिकामी पिशवी घेऊन गेलो. त्या मुलीने ती फळ्याला चिकटवली आणि शेजारी 910 व 1000 असे दोन आकडे लिहिले.

चार दिवसांनी अम्मींचा निरोप पोरीकडून आला. घरातला इनो संपला, तर त्यांनी मीठ टाकून पाहिले. मिठाबरोबर तेलाचा गोळा तळाशी गेला आणि मीठ विरघळल्यावर परत वर आला. फसफस अजिबात नाही. “अम्मी विचारतेय, मग यात वायू कुठे आहे?”