लग्नात स्कुबाचं सरप्राइज: भंडाऱ्याच्या जोडप्याला समुद्रावरची भेट देताना काय तपासायचं?

तुळशीचं लग्न लागलं की भंडारा जिल्ह्यात लगीनसराईची चाहूल लागते. धानाची कापणी झालेली असते, मळणी आटोपत आलेली असते आणि मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो: यंदा आहेरात काय द्यायचं?

एकेकाळी भंडाऱ्याला हा प्रश्न पडत नसे. पितळी भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या शहरात आहेर म्हणजे हंडा, परात, घागर. पुढे मिक्सर आणि डिनर सेट आले. आता वर्गणी काढणाऱ्या मित्रांना वाटतं की भांड्यापेक्षा आठवण द्यावी. नवरा-नवरी कमी खर्चात गोव्याला किंवा मालवणला जाणारच आहेत, तर तिथे त्यांच्या नावाने गुपचूप स्कुबा डायव्हिंग किंवा पॅरासेलिंग बुक करून टाकू. पोहोचल्यावर कळेल, चेहरे बघण्यासारखे होतील, रीलही होईल.

कल्पना छान आहे. पण मिक्सर आवडला नाही तर माळ्यावर ठेवता येतो. समुद्रावरची ॲक्टिव्हिटी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, स्वतःच्या शरीराने करावी लागते. त्यामुळे ती भेट देणाऱ्याला पैशांच्या पलीकडे आणखी काही गोष्टी तपासाव्या लागतात.

मुहूर्त आणि समुद्र यांचं जुळतं का?

पहिली अडचण कॅलेंडरची. विदर्भात लग्नांचे दोन मोठे हंगाम असतात. एक तुळशीच्या लग्नानंतरचा, दुसरा उन्हाळ्यातला, एप्रिल-मेमधला. समुद्राचा हंगाम मात्र वेगळा चालतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जलक्रीडा आणि प्रवासी होड्या साधारणपणे २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात बंद असतात. गोव्यातही जूनपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जलक्रीडा थांबवलेल्या असतात. मेच्या तिसऱ्या आठवड्यात लग्न, मग सत्यनारायण, मग देवदर्शन, मग फिरायला निघणं, असा क्रम धरला तर जोडपं किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात. मित्रांनी आगाऊ भरलेले पैसे अडकतात. त्याहून वाईट म्हणजे बंदीच्या काळातही ‘चला, आम्ही नेतो’ म्हणणारा कुणीतरी भेटतो.

बंदीच्या आदले दिवसही निर्धास्त नसतात. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली. बोटीत वीस पर्यटक होते, त्यातल्या दोघांचा मृत्यू झाला. त्या वर्षीचा हंगाम संपायला दोनच दिवस उरले होते. मेअखेरीस वारा आणि लाटा बदलू लागतात. किनाऱ्यावरच्या माणसाला ते दिसतं, भंडाऱ्यात बसून बुकिंग करणाऱ्या मित्राला दिसत नाही.

याचा साधा अर्थ असा की नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जाणाऱ्या जोडप्याला समुद्राची भेट द्यायला हरकत नाही. फक्त नाताळ आणि नववर्षाच्या आठवड्यात गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात. उन्हाळ्यातल्या लग्नासाठी मात्र भेट अशी हवी की ती पुढच्या हिवाळ्यातही वापरता येईल.

पाच दिवसांच्या सुट्टीत किती दिवस समुद्राचे?

दुसरा हिशेब वेळेचा. भंडाऱ्याहून मालवण किंवा गोवा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून विदर्भ एक्स्प्रेसने मुंबई गाठायची आणि तिथून कोकण रेल्वे पकडायची, हा एक मार्ग. दुसरा, नागपूरहून मडगावची विशेष गाडी सुरू असेल तर ती. कसंही गेलं तरी जाण्यात एक दिवस आणि येण्यात एक दिवस जातो. म्हणजे पाच दिवसांच्या रजेत हाती उरतात तीन.

त्या तीन दिवसांत स्कुबासाठी अर्धा दिवस सहज लागतो. होडीची वाट पाहणं, प्रशिक्षण, पाण्यात उतरणं, परत येणं. कान दुखले किंवा उलटी झाली तर उरलेला दिवसही खोलीत जातो. मित्रांनी उत्साहाने तीन ॲक्टिव्हिटी बुक केल्या तर जोडप्याची सहल उरत नाही, वेळापत्रक उरतं. बजेट सहलीत पैशांइतकाच दिवसही महाग असतो. म्हणून एकच ॲक्टिव्हिटी, आणि तीही पोहोचल्याच्या दिवशी किंवा निघायच्या दिवशी नको.

परतीचा प्रवास विमानाने असेल तर आणखी एक नियम लागू होतो. एकदा डाइव्ह केल्यावर किमान १२ तास विमानात बसू नये, अशी डायव्हिंग क्षेत्रातली शिफारस आहे. अनेक प्रशिक्षक २४ तास थांबायला सांगतात. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन शरीरातून बाहेर पडायला वेळ लागतो आणि विमानात हवेचा दाब कमी असतो, हे त्यामागचं कारण. सकाळी स्कुबा आणि संध्याकाळी नागपूरचं विमान, असं सरप्राइज धोक्याचं ठरू शकतं.

सरप्राइज द्यायचं, पण विचारायचं कुणाला?

स्कुबाच्या आधी आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं किंवा सायनसचं दुखणं, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, असे प्रश्न त्यात असतात. एक प्रश्न गर्भधारणेचाही असतो. गरोदरपणात स्कुबा करत नाहीत.

इथे सरप्राइजची खरी अडचण सुरू होते. नवविवाहितेने सगळ्यांसमोर ‘नाही, मला नको’ म्हटलं की कारण विचारलं जातं. कारण दम्याचं असेल, पाळीचं असेल, दिवस गेल्याची शंका असेल किंवा पाण्याची साधी भीती असेल. यातलं काहीही सासरच्या किंवा मित्रांच्या ग्रुपवर सांगायला ती बांधील नाही. पण पैसे भरलेले आहेत, व्हिडिओची वाट पाहिली जाते आहे, अशा दबावाखाली माणूस फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ अशी खूण करून मोकळा होतो. नवऱ्यालाही हे तितकंच लागू आहे. बायकोसमोर, मित्रांच्या पैशांवर, ‘मला भीती वाटते’ म्हणणं सोपं नसतं.

पोहता येत नसलं तरी प्रशिक्षकासोबतची पहिली डाइव्ह करता येते, हे खरं आहे. नवख्या माणसाला १२ मीटरपेक्षा खोल नेऊ नये असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे आणि मालवणच्या किनाऱ्याजवळ बहुतेकांना त्याहून उथळ पाण्यातच उतरवतात. पण भंडारा तलावांचा जिल्हा असला तरी तलाव पाहत वाढलेला प्रत्येक जण पाण्याशी मैत्री करून आहे असं नाही.

त्यामुळे गुपित काय ठेवायचं हे आधी ठरवावं. भेट मिळणार हे गुपित चालेल. काय करायचं आणि कधी करायचं, हे जोडप्यालाच ठरवू द्यावं.

व्हिडिओत दिसत नाही ते

नोव्हेंबर २०२१ मध्ये दीवच्या नागवा किनाऱ्यावर पॅरासेलिंग करणाऱ्या एका जोडप्याचा दोर हवेत तुटला. दोघं समुद्रात पडली. लाइफ जॅकेट अंगावर होतं आणि दोघंही वाचली. तो व्हिडिओ देशभर फिरला.

सगळ्याच घटनांचा शेवट असा झाला नाही. २५ डिसेंबर २०२४ रोजी गोव्यात कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून एकाचा मृत्यू झाला, वीस जणांना बाहेर काढण्यात आलं. १८ जानेवारी २०२५ रोजी गोव्यातच केरी इथे पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक तरुणी आणि तिचा पायलट, दोघांचा मृत्यू झाला. विदर्भाला तर समुद्रापर्यंत जायचीही गरज नाही. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात तरुणांची होडी उलटली आणि आठ जण बुडाले. होडीत बसल्यावर त्यांनी फेसबुक लाइव्ह केलं होतं.

या घटना सांगण्याचा हेतू घाबरवण्याचा नाही. मालवण आणि गोव्यात दर हंगामात असंख्य लोक पाण्यात उतरतात आणि हसत परततात. पण भेट देणारा मित्र दुसऱ्याच्या वतीने निवड करत असतो. स्वतः किनाऱ्यावर उभा असलेला माणूस होडीची अवस्था, गर्दी आणि लाटा पाहून माघार घेऊ शकतो. मोबाइलवर स्वस्तातलं पॅकेज निवडणाऱ्याला फक्त फोटो आणि आकडा दिसतो.

पैसे भरण्याआधी काय विचारायचं?

महाराष्ट्राने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही ठिकाणच्या साहसी उपक्रमांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी त्यात सांगितली आहे. समुद्रातल्या होड्या महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येतात. गोव्यात पर्यटन खातं आणि कॅप्टन ऑफ पोर्ट्स यांची परवानगी पाहावी.

फोनवर पाच प्रश्न पुरेसे आहेत. नोंदणी क्रमांक काय? एका प्रशिक्षकामागे किती जण? लाइफ जॅकेट प्रत्येकाला आणि पूर्ण वेळ मिळतं का? विमा आहे का, असल्यास कशाचा? हवामान बिघडलं किंवा ग्राहकाने आयत्या वेळी नको म्हटलं तर पैसे परत मिळतात का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी मागावं. उत्तर टाळणाऱ्याकडे पैसे भरू नयेत. तारकर्लीत एमटीडीसीचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहे; तिथून चौकशीला सुरुवात करता येते.

विम्याबाबत एक गैरसमज नेहमी दिसतो. रेल्वे तिकिटासोबत काही पैशांत मिळणारा विमा रेल्वे प्रवासापुरता असतो. नेहमीच्या अनेक अपघात विमा पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात. त्यामुळे ‘विमा आहे’ एवढं ऐकून थांबू नये.

आणि फसवणूक झाली तर? पैसे मित्राने भरले म्हणून जोडप्याचा हक्क जात नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पैसे देणाऱ्याच्या संमतीने सेवा घेणारा लाभार्थीही ग्राहकच असतो. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे गोव्यातल्या व्यावसायिकाविरुद्ध भंडाऱ्यात दाद मागता येते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. पावती मात्र जपून ठेवायला हवी, आणि तीच सरप्राइजच्या नादात बहुतेक वेळा मित्राच्या मोबाइलमध्ये राहून जाते.

दोर आणि इंजिनाशिवायच्या भेटी

ॲक्टिव्हिटी म्हणजे फक्त थरार नव्हे. मालवणच्या जेट्टीवरून होडीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाता येतं. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला हा जलदुर्ग पाहायला निम्मा दिवस पुरतो. वेंगुर्ल्यात बचत गटाच्या महिला वल्ह्याच्या होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसतात. हिवाळ्यात तळकोकणात गावोगावच्या जत्रांमध्ये रात्रभर दशावतार रंगतो. झाडीपट्टीची नाटकं पाहत वाढलेल्या भंडाऱ्याच्या जोडप्याला ती रात्र परकी वाटणार नाही. यातल्या कशालाही आरोग्याचा फॉर्म लागत नाही आणि खर्चही बेताचा असतो.

ज्यांना एवढ्या लांब जाणं परवडत नाही, त्यांच्यासाठी घराजवळही पाणी आहे. वैनगंगेवरचं आंभोरा, पाच नद्यांचा संगम आणि नागपूर-भंडारा जोडणाऱ्या नव्या पुलावरची प्रेक्षक गॅलरी, एका दिवसात होते. इथेही होडीत बसायचं तर लाइफ जॅकेटचा नियम तोच.

मग पाकिटात काय ठेवायचं?

सर्वात सोयीचं म्हणजे तारीख न टाकलेली भेट. वर्गणीची रक्कम, सोबत दोन-तीन तपासलेल्या पर्यायांची चिठ्ठी, प्रत्येकाचा संपर्क आणि पैसे परतीची अट. व्हाउचर घेतलं तर त्याची मुदत किमान पुढच्या फेब्रुवारीपर्यंतची हवी आणि ते दुसऱ्या ॲक्टिव्हिटीसाठी बदलता आलं पाहिजे. पावती जोडप्याच्या नावावर, त्यांच्याच मोबाइलवर.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं आणि तिकिटावर नाव-वय लागतं. त्यामुळे सहलीच्या तारखा जोडप्यालाच विचाराव्या लागणार. त्याच फोनवर आणखी एक प्रश्न विचारून टाकावा: पाण्यात उतरायला आवडेल, की काठावर बसायला? उत्तर ‘काठावर’ आलं, तर वर्गणीचे पैसे सुरमईच्या थाळीला आणि आणखी एका रात्रीच्या मुक्कामाला उपयोगी पडतील.