शिकलेला हात हवा

ध्वनिलहरींनी मेंदूतील रक्तप्रवाह तपासणाऱ्या डॉक्टरांची एक युरोपीय संस्था आहे. परीक्षा घेऊन ती या कामाचे प्रमाणपत्र देते. शिक्षक या नात्याने मला हे कार्य मोलाचे वाटते.

१९८२ साली रूने आस्लिड यांनी कानशिलाच्या पातळ हाडातून मेंदूतील रक्ताचा वेग मोजून दाखविला. सुई नाही, शस्त्र नाही. सिकलसेल या रक्तरोगाच्या मुलांत हा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर झाला की पक्षाघाताचा धोका मोठा असतो. अशा मुलांना नियमित रक्त दिल्यास तो सुमारे ९० टक्क्यांनी घटतो, असे १९९८ च्या अभ्यासात दिसले.

आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रात, नागपूर-गडचिरोली भागात हा रोग पुष्कळ आहे. २०२३ मध्ये भारत सरकारने त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली. यंत्र विकत मिळते. ते धरणारा हात मात्र शिकवावा लागतो. म्हणून अशा संस्थांनी आपले वर्ग मोठ्या शहरांतील परिषदांपुरते न ठेवता जिल्हा रुग्णालयांपर्यंत न्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पक्षाघात झालेले मूल पुन्हा वर्गात येऊन बसेलच, असे नाही.